संग्रहालयातले सशाचे शिंग

एका जंगलात, मुलांनो, राष्ट्रीय युद्ध संग्रहालय नव्हते.

बाकी सगळे होते. राजा होता, सचिव होते, पाणवठा होता आणि तो पाणवठा का आटला हे पाहणारी समितीही होती. पण शेजारच्या जंगलात युद्ध संग्रहालय उघडल्याचे वाघमहाराजांच्या कानावर आले आणि त्या दिवसापासून महाराजांना जेवण गोड लागेना. जेवणालाही महाराज कधी गोड लागले नव्हते, पण त्याचे मत कोणी विचारत नसे.

"आपल्याला इतिहास नाही का?" महाराजांनी विचारले.

"भरपूर आहे, महाराज," सचिव मुंगूसराव म्हणाले. "ठेवायला जागा नाही, एवढंच."

मग टेकडीखालची मोठी गुहा रिकामी करण्यात आली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वटवाघळांना दुसरी गुहा द्यायचे ठरले. ते अजून ठरलेलेच आहे. गुहेत काचेच्या पेट्या मांडल्या. जंगलात काच कुठून आली, असे विचारू नका. बोधकथेतला वाघ बोलतो ते तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता, मग काचेनेच काय घोडे मारले आहे?

महाराजांनी फर्मान काढले. प्रत्येक समाजाने आपले ऐतिहासिक शस्त्र संग्रहालयाला द्यावे. प्रत्येक समाजाला एक पेटी मिळेल. कोणावरही अन्याय होणार नाही.

रानडुकरांनी आजोबांचा सुळा दिला. गव्यांनी एवढे मोठे शिंग आणले, की त्याच्यासाठी गुहेचे तोंड रुंद करावे लागले. साळिंदरांनी काटे दिले, गरुडांनी नखी दिली. मधमाश्यांनी एक नांगी दिली. ती पेटीत आहे की नाही, यावर अजून वाद आहे. कोल्ह्यांनी दात दिला. दात काय, सगळ्यांकडेच असतात. त्यामुळे कोल्ह्यांच्या पेटीपुढे कोणी थांबत नसे, आणि ते कोल्ह्यांच्या मनाला फार लागले होते.

आता प्रश्न उरला अभिरक्षकाचा. अभिरक्षक म्हणजे सांभाळणारा. पण नुसते सांभाळणारा म्हटले तर मान राहत नाही. रानडुकराला नेमले तर गवा रागावणार. गव्याला नेमले तर रानडुक्कर गुहा उकरणार. साळिंदराला नेमले तर त्याच्या शेजारून कोणाला जाता येणार नाही. ज्याचे कोणत्याच शस्त्राशी नाते नाही असा प्राणी हवा होता. मुंगूसरावांनी पुष्कळ विचार केला आणि दचकोजी नावाच्या एका सशाला बोलावणे पाठवले.

दचकोजी आला तो थरथरतच.

"तुम्हाला शस्त्रांची भीती वाटते का?" मुंगूसरावांनी विचारले.

"वाटते, साहेब."

"कोणत्या?"

"सगळ्याच. मी त्यात भेदभाव करत नाही."

"निःपक्षपाती आहेत," मुंगूसराव म्हणाले, आणि नेमणूक झाली.

दचकोजीला काम आवडले. पहिले काही दिवस तो पेट्यांजवळून जाताना डोळे मिटून घेई, पण हळूहळू सवय झाली. जो सुळा कोणाच्या तोंडात नाही तो फारसा वाईट नसतो, असे त्याच्या लक्षात आले. तो काचा पुसायचा, पाट्या लिहायचा आणि पाहुण्यांना फिरवून माहिती सांगायचा. कोणत्या लढाईत गव्यांनी कोणाला उडवले, कोणत्या लढाईत साळिंदर पाठमोरे चालून गेले, हे सगळे तो रंगवून सांगे. शेवटी कोणीतरी हमखास विचारायचे, "आणि तुम्ही सशांनी काय केलं?"

"आम्ही पुढे होतो," दचकोजी गंभीरपणे सांगे. "फार पुढे. इतके पुढे, की आम्हाला लढाई दिसलीच नाही."

पाहुणे पोट धरून हसत. दचकोजीला ते हसू आवडे. सशांच्या पेटीत तर त्याने मूठभर धूळ ठेवली होती. खाली पाटी होती: "सशांनी युद्धात उडवलेली धूळ. शत्रूच्या डोळ्यांत गेली असल्यास आनंद आहे." लहान पोरे बाकीच्या पेट्या सोडून ही पेटी बघायला येत.

पण त्याच्या मुलीला हे आवडत नव्हते.

तिचे नाव दूर्वा. ती आता चांगली मोठी झाली होती आणि मोठ्या मुलींना बापाच्या विनोदांची लाज वाटते, हे तुम्हाला ठाऊकच असेल. दूर्वा अगदी लहान असताना तिची आई ओढ्याकाठी कोल्ह्याच्या तावडीत सापडली होती. त्या दिवशी दचकोजी दूर्वाला तोंडात धरून जो सुटला तो टेकडी ओलांडूनच थांबला. त्या दिवसाबद्दल तो एकही विनोद करत नसे. बोलतच नसे.

"बाबा, तुम्ही स्वतःचं असं हसं का करून घेता?" दूर्वाने एकदा विचारले.

"हसणारा चावत नाही, बाळ," दचकोजी म्हणाला. "निदान हसत असेपर्यंत तरी."

"आईकडे शिंग असतं तर?"

दचकोजीने काच पुसायला घेतली. ती आधीच स्वच्छ होती.

एके दिवशी सशांचे पुढारी भाऊसाहेब उभेकाने चार प्रतिष्ठित ससे घेऊन संग्रहालयात आले. उभेकाने हे नाव त्यांना शोभत असे. त्यांचे कान झोपेतही खाली येत नसत. ते थेट सशांच्या पेटीपुढे जाऊन उभे राहिले.

"दचकोजी, हे काय आहे?"

"धूळ आहे, भाऊसाहेब. आपलीच आहे."

"मधमाशीसुद्धा आपल्या पेटीत नांगी ठेवते. आणि आमच्या थोर समाजाच्या पेटीत धूळ?"

"बारीक आहे पण. अस्सल आहे."

भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांच्या मागचे चौघेही हसले नाहीत. भाऊसाहेबांनी एका पानात गुंडाळलेली वस्तू पुढे केली. दचकोजीने पान उलगडले. आत बोटभर लांबीचे एक काळसर शिंग होते.

"आमच्या खापरपणजोबांचं," भाऊसाहेब म्हणाले. "घरात होतं. आम्ही कधी गाजावाजा केला नाही."

दचकोजीने शिंग उलटसुलट करून पाहिले. "भाऊसाहेब, हे चौशिंगा हरणाचं आहे."

"चौशिंग्याला किती शिंगं असतात?"

"चार."

"मग त्यातलं एक आमचं असायला काय हरकत आहे?"

यावर काय बोलावे, हे दचकोजीला सुचेना. तुम्हाला सुचते का बघा. मला तर अजून सुचलेले नाही, आणि मी अशा गोष्टी सांगून पोट भरतो.

"सशाला शिंग नसतं, भाऊसाहेब," दचकोजी शेवटी म्हणाला. "सगळ्या जंगलाला माहीत आहे ते."

"नसतं नव्हे. आता नाही. आणि का नाही? तुमच्यासारख्यांनी थट्टा करून करून घालवलं."

दचकोजीने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिले. गुहेच्या दारात दूर्वा उभी होती. ती त्या शिंगाकडे बघत होती. इतकी वर्षे तिच्या डोळ्यांत त्याने भीती पाहिली होती, राग पाहिला होता. पण असे काहीतरी मिळाल्यासारखे तोंड त्याने कधी पाहिले नव्हते.

"एक शिंग ठेवलं तर कुणाचं काय बिघडतं, बाबा?" ती हळूच म्हणाली.

दचकोजीने धूळ झाडून काढली. शिंग पेटीत ठेवले. पाटीवर लिहिले: "सशाचे शिंग. काळ: फार पूर्वी." आणि अभिरक्षक म्हणून खाली आपल्या पंजाचा ठसा उमटवला. ठसा जरा पुसट आला. पण ठसा तो ठसाच.

त्यानंतर सशांची चाल बदलली. आधी ते चार उड्या मारून एकदा मागे बघत. आता मागे बघणे बंद झाले. आया पिल्लांना निजवताना शिंगाच्या गोष्टी सांगू लागल्या. तरुण सशांनी बांबूची शिंगे तासून घेतली, वेलीच्या दोरीने कपाळावर घट्ट बांधली आणि शृंगधारी दल काढले. दलाची प्रमुख झाली दूर्वा. रोज सकाळी संग्रहालयापुढे कवायत होऊ लागली.

दचकोजी दारात उभा राहून बघत असे. "दूर्वे, पाऊस आला तर पाणी साठेल हो त्यात," तो एकदा म्हणाला.

कोणी हसले नाही. दूर्वाने तर तोंड फिरवले.

"दचकोजी, थट्टा पुरे झाली," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्याही कपाळावर शिंग होते. मात्र त्यांचे शिंग सैल बांधलेले होते, कारण त्यांचे कपाळ दुखत असे. "आता आपण शस्त्रधारी समाज आहोत. आणि येत्या पौर्णिमेला आपण ते सिद्ध करणार आहोत."

"कसं?"

"न पळून."

आता हे सांगायला हवे, की ओढ्याकाठच्या कुरणात उतरत्या उन्हाच्या वेळी भुरके नावाचा एक कोल्हा येत असे. भुरके फौजेतून निवृत्त झालेला होता आणि त्याला सुभेदार म्हटलेले आवडे. तो यायचा, ससे पळायचे, एखादा मागे राहायचा. बरीच वर्षे हे असेच चालले होते. त्यात कोणाचे कोणाशी वैर नव्हते, असे निदान सुभेदारांचे मत होते.

पौर्णिमा आली. दचकोजी संग्रहालयात माकडांच्या एका सहलीला गव्याचे शिंग दाखवत होता. तोंडाने तो लढाई सांगत होता, पण कान ओढ्याकडे होते. लढाई ऐन रंगात आली आणि दचकोजी मध्येच थांबला.

"मग काय झालं?" माकडांच्या मास्तरांनी विचारले.

"तेच बघून येतो," दचकोजी म्हणाला आणि निघाला.

कुरणात सशांच्या रांगा उभ्या होत्या. सगळ्यांची शिंगे पुढे. पहिल्या रांगेत मधोमध दूर्वा. भाऊसाहेब शेवटच्या रांगेच्या मागे, सगळे नीट दिसावे म्हणून जरा उंचवट्यावर. दचकोजी बाजूच्या एका दगडाआड बसला.

भुरके आले. नेहमीप्रमाणे गवतातून आले, आणि थांबले. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. मग ते चक्क खाली बसले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

"शिंगं आहेत," मागून भाऊसाहेब म्हणाले.

"कुणाची?"

"आमची."

 भुरके मुळात सरळ गृहस्थ होते. "मी लहानपणापासून तुम्हाला खातो आहे," ते म्हणाले. "मला कधी लागली नाहीत."

रांगांमध्ये कुजबुज झाली. हा मुद्दा कोणाच्या लक्षात आला नव्हता. पण दूर्वा जागची हलली नाही. तिने मान आणखी खाली घातली आणि शिंग रोखले. तिचे मागचे पाय कापत होते. दचकोजीला दगडाआडून ते स्पष्ट दिसत होते, कारण ते पाय थेट बापावर गेले होते.

"बरं," भुरके म्हणाले आणि उठले.

दचकोजीला त्या क्षणी खूप काही सुचायला हवे होते. एखादी युक्ती, एखादे भाषण. बोधकथांतल्या सशांना नेहमी युक्ती सुचते. विहिरीपाशी नेतात, प्रतिबिंब दाखवतात. दचकोजीला काही सुचले नाही. त्याला फक्त एकच गोष्ट येत होती, आणि ती त्याने केली. त्याने मागचा पाय जमिनीवर दाणकन आपटला आणि दोन्ही बाजूंच्या मधून, सगळ्यांच्या देखत, जिवाच्या आकांताने पळत सुटला.

एक ससा पळाला की दुसऱ्याला उभे राहता येत नाही. ते अंगातच असते. क्षणात सगळ्या रांगा मोडल्या. आघाडी कुठे, पिछाडी कुठे, काही कळेना. सगळे दल करवंदीच्या जाळ्यांकडे धावले. सगळ्यांत पुढे भाऊसाहेब होते. त्यांचे सैल शिंग पहिल्याच उडीत पडले होते.

करवंदीची जाळी सशाला माहेरासारखी. खालच्या फटीतून आत शिरायचे, की कोल्ह्याचे नाकसुद्धा आत येत नाही. दचकोजी सुळकन आत शिरला. आत जाऊन त्याने श्वास घेतला, आणि मग त्याला बाहेरचा आवाज ऐकू आला.

शिंगे अडकत होती.

फट सशापुरती होती. शिंगवाल्या सशापुरती नव्हती. काहीजणांची शिंगे मोडली आणि ते आत आले. काहीजण डोके तिरपे करून आत घुसले. पण दूर्वा प्रमुख होती आणि तिचे शिंग सगळ्यांत पक्के बांधलेले होते. ते फांद्यांच्या बेचक्यात असे रुतले होते, की तिला पुढेही येता येईना आणि मागेही जाता येईना. मागे गवत हलत होते.

दचकोजी बाहेर गेला.

तो शूरपणे गेला असे मी सांगितले असते, तर गोष्टीला शोभा आली असती. पण तो तसा गेला नाही. तो रडत गेला. वाटेत दोनदा थांबला. एकदा तर मागे फिरला, आणि पुन्हा फिरला. दूर्वापाशी पोचल्यावर त्याने वेलीची दोरी दातांत धरली. दोरी चावायचे त्याच्यात त्राण नव्हते, पण भीतीने त्याचे दात इतके कडाकडा वाजत होते, की दोरी आपोआप कुरतडली गेली.

दोघे आत घुसले तेव्हा भुरक्यांचा जबडा मिटल्याचा आवाज झाला. दचकोजीच्या शेपटीचा गोंडा बाहेर राहिला.

 दूर्वाच्या कपाळावर दोरीचा वळ उठला होता.

"तुम्ही परत का आलात, बाबा?" तिने विचारले.

"घाबरलो की मला दिशा कळत नाही," दचकोजी म्हणाला.

दूर्वा हसली. मग ती रडायला लागली, आणि तिचे रडणे थांबेपर्यंत दचकोजी तिचे कान चाटत बसला.

गोष्ट इथे संपली असती तर तात्पर्यही सरळ निघाले असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय उघडले तेव्हा दारात सुभेदार भुरके उभे होते. तोंडात बांबूचे शिंग होते.

दचकोजी गव्याच्या पेटीमागे गेला.

"घाबरू नका, मी कामासाठी आलो आहे," भुरके म्हणाले आणि त्यांनी शिंग खाली ठेवले. "आमच्या समाजाच्या पेटीत द्यायचं आहे. नुसत्या दाताकडे कोणी बघत नाही. पाटी लिहा: शृंगधारी सशांशी झालेल्या घनघोर लढाईत सुभेदार भुरके यांनी शत्रूकडून जिंकलेले शस्त्र."

"सुभेदार, ते बांबूचं आहे," दचकोजी पेटीमागून म्हणाला. "सशाला शिंग नसतं. तुम्हीच म्हणालात काल."

"काल मी घाईत होतो."

"आणि लढाई कुठे झाली? आम्ही पळालो."

भुरक्यांचे तोंड उतरले. "म्हणजे मी निःशस्त्र सशांच्या मागे लागलो, असं लिहायचं?" त्यांनी विचारले. "आणि फौजेतला सुभेदार त्यांच्या मागे लागून उपाशीपोटी घरी गेला, असंही लिहायचं? मला नातवंडं आहेत हो."

तेवढ्यात मुंगूसराव पाहणीला आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि त्यांना फार आनंद झाला. इतिहासात दोन्ही पक्षांचे एकमत सहसा होत नाही, ते म्हणाले. इथे ससे म्हणतात आम्हाला शिंगे होती, आणि शत्रूही म्हणतो होती. यापेक्षा भक्कम पुरावा तो कोणता? शिंग कोल्ह्यांच्या पेटीत गेले. पेटीपुढे गर्दी होऊ लागली. भुरके रोज दुपारी येऊन पेटीशेजारी उभे राहत आणि विचारले तर लढाई सांगत. रोज त्या लढाईत ससे वाढत. दचकोजीशी ते अदबीने बोलत, कारण शेवटी तो त्यांच्या तोलामोलाचा शत्रू होता.

भाऊसाहेबांनी तर लढाईच्या जागी सभा घेतली. दचकोजीचे पळणे म्हणजे शत्रूला जाळ्यांत ओढण्याचा डाव होता, असे त्यांनी जाहीर केले. दचकोजीला गुच्छ दिला. तो दूर्वांचा होता. दचकोजीने घरी नेऊन खाल्ला.

मग एक दिवस महाराजांचे फर्मान आले. शेजारच्या जंगलाशी सीमेवरून भांडण विकोपाला गेले होते. तिकडे रानकुत्री जमली होती. युद्ध अटळ होते. आणि या युद्धात आघाडीच्या रांगेत उभे राहण्याचा मान जंगलातल्या सगळ्यांत लहान पण सगळ्यांत शूर शस्त्रधारी समाजाला, म्हणजे सशांना देण्यात येत होता.

भाऊसाहेब धापा टाकत संग्रहालयात आले. पहिल्यांदाच त्यांचे कान खाली आले होते.

"दचकोजी, ते शिंग काढा."

"कोणतं?"

"आमच्या पेटीतलं. ते चौशिंग्याचं आहे, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"त्यातलं एक आपलं आहे, असं तुम्ही म्हणाला होतात."

"थट्टेची वेळ आहे का ही?"

ती थट्टेची वेळ नव्हती, हे दचकोजीलाही कळत होते. तो भाऊसाहेबांना घेऊन मुंगूसरावांकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, सशाला शिंग नसतं. नव्हतं. कधीच नव्हतं. पाटी मी लिहिली, ठसा माझा आहे, चूक माझी आहे. आम्ही भित्रे आहोत."

मुंगूसराव भारावून गेले. "हीच ती नम्रता," ते म्हणाले. "खरा वीर स्वतःला भित्राच म्हणतो."

"पण मी खरंच भित्रा आहे."

"आणि वर आग्रहही किती." मुंगूसरावांनी डोळे पुसले. "तुम्ही नाही म्हणालात म्हणून काय झालं? सुभेदार भुरक्यांची साक्ष आहे. त्यांच्यासारख्या अनुभवी सैनिकाला खोटं ठरवायचं का आपण?"

दोघे परत निघाले.  कुरणात सगळे ससे वाट बघत होते. आया होत्या, पिल्ले होती, शृंगधारी दल होते. कोणाच्याही कपाळावर शिंग नव्हते. दचकोजीने काय झाले ते सांगितले आणि सगळ्यांचे डोळे भाऊसाहेबांकडे वळले. भाऊसाहेब जमिनीकडे बघत होते.

दूर्वा पुढे आली. कपाळावरचा वळ अजून गेला नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "आपण पळू या."

हे शब्द ऐकून दचकोजीला जे वाटले, ते गव्याला शिंग फुटल्यावरही वाटत नसेल. त्याने आयुष्यभर स्वतःच्या पळण्यावर विनोद केले होते. आज त्याची लेक त्याला तेच करायला सांगत होती, आणि तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"भर दुपारी निघू," तो म्हणाला. "महाराज जेवून झोपलेले असतात. वाऱ्याच्या उलट्या अंगाने जाऊ. पिल्लं मधे. म्हातारे माझ्याबरोबर. कोणी मागे राहिलं तर आवाज द्यायचा, लाजायचं नाही."

त्या दुपारी सशांचा सगळा समाज नदीकडे निघाला. असे पळणे त्या जंगलाने पाहिले नव्हते, आणि झोपेत असल्यामुळे तेव्हाही पाहिले नाही. एक पिल्लू मागे राहिले नाही. एक म्हातारी दमली, तिला दूर्वाने आणि दलातल्या दोघींनी मधे घेऊन आणले. दचकोजी कधी पुढे असे, कधी मागे, आणि कधी तो कुठे आहे हे त्याला स्वतःलाही कळत नसे. पण उन्हे कलायच्या आत सगळे उथळ पाण्यातून पार झाले.

पैलतीरावर तिसरेच जंगल होते. गवत हिरवेगार होते आणि जवळपास कोल्ह्याचा वास नव्हता. ससे ओले अंग झटकत उभे राहिले. पिल्ले लगेच चरायला लागली. काठावर एक टिटवी पहाऱ्याला होती. ती एका पायावर उभी राहून सगळ्यांकडे बघत होती.

"कोण तुम्ही?" तिने विचारले.

"ससे," दचकोजी म्हणाला. "राहायला जागा हवी होती."

"मिळेल. जागा पुष्कळ आहे. फक्त एक विचारायला सांगितलंय. तुमच्याकडे शस्त्र काय?"

दचकोजीने दूर्वाकडे पाहिले. दूर्वाने मान डोलावली. दचकोजीने घसा खाकरला आणि तोंड उघडले. ते वाक्य फार सोपे होते. ते म्हणायला आता कोणाची हरकत नव्हती.

पण त्याच्या मागून, ओले कान हळूहळू ताठ करत, भाऊसाहेब उभेकाने म्हणाले, "शिंगं होती, बाई. तिकडच्या संग्रहालयात ठेवून आलो."

टिटवीने वर घेतलेला पाय खाली टेकवला आणि ती अदबीने दोन्ही पायांवर उभी राहिली.

"थांबा हं," ती म्हणाली. "आमच्या राजेसाहेबांना सांगून येते."

ती उडाली.  दचकोजी गवताच्या पलीकडे, झाडांच्या पलीकडे, पुढे वाट कुठे जाते ते बघू लागला. शेजारी उभी राहून दूर्वाही तिकडेच बघत होती. मग दोघांनी मिळून चरणारी पिल्ले एकेक करून गोळा करायला सुरुवात केली.

तात्पर्य: मुलांनो, आपले पूर्वज शूर होते, हे नेहमी अभिमानाने सांगावे. मात्र आपण जन्माला आलो आहोत, त्या अर्थी त्यांच्यातला निदान एक जण वेळेवर पळाला असला पाहिजे. त्याचे नाव विचारू नये, आणि सापडलेच, तर ते कोणत्याही संग्रहालयाला कळू देऊ नये.